जमीन कोणाची आणि नुकसान कोणाचे?

ऐन दिवाळीत पुराचे रडगाणे कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आमच्या भिवंडी तालुक्यात दिवाळी आणि भातकापणी हातात हात घालून येतात. श्रावणात ज्याचे खाचर पाण्याखाली गेले, त्याला आपले काय बुडाले ते खरे कळते ते याच दिवसांत. बळिप्रतिपदेला बळीचे राज्य यावे असे आपण सारेच म्हणतो. पण हा बळी कोण, हे सरकारी कागदाला अजून ओळखता येत नाही. माझे भांडण आहे ते त्या कागदाशी.

परक्याला भिवंडी म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा. परंतु शहर मागे टाकले की भातशेती लागते. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या अंगाने तानसा वाहते, शहराला खेटून कामवारी जाते आणि दक्षिणेला उल्हासची खाडी आहे. मुसळधार पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी ते सर्वांनी पाहिले. त्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली या बाजूंना सखल जमिनींवर भराव पडून गोदामे उठली. पूर्वी जे पाणी शेतांतून पसरून खाडीला मिळे, ते आता शेजाऱ्याच्या भातात चढते. तेव्हा सारा दोष वरुणराजाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. त्यांच्या पदांची नावे सरकारने अलीकडे बदलली, काम तेच राहिले. पीक तेहतीस टक्के वा त्याहून अधिक गेले असेल तर मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेला जिरायतीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये होता. म्हणजे एकराला साडेतीन हजारसुद्धा नाहीत! २०२५च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि त्यात बियाणे वगैरेंसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर घातली. ही भर स्वागतार्हच होती. रक्कम तुटपुंजी की पुरेशी, हा वाद मी आज घालीत नाही. मी विचारतो ते एवढेच की, ही रक्कम जाते कोणाच्या खात्यात?

ती जाते सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात. परंतु राब भाजणारा, चिखलणी करणारा, भर पावसात आवण लावणारा माणूस पुष्कळदा निराळाच असतो. कोणी कातकरी असतो, कोणी वारली, कोणी अल्पभूधारक कुणबी वा आगरी. तो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने किंवा खंडाने कसतो. बियाणे त्याचे, खत त्याचे, उधारीही त्याचीच. पीक बुडाले की बुडतो तो. पैसे येतात मालकाला. ई-पीक पाहणी खातेदाराच्या नावाने होते आणि नवा शेतकरी ओळख क्रमांकही जमीन नावावर असलेल्यालाच मिळतो. जो शेती करतो तो शेतकरी, ही व्याख्या शाळेतले पोर सांगेल. सरकारदरबारी मात्र ज्याची जमीन तो शेतकरी!

यातला विपर्यास पाहा. १९४८ साली मुंबई राज्यात कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व थोरच होते. पण त्या दिवसापासून मालकांनी धसका घेतला. कागदावर कूळ लागले तर जमीन जाईल, म्हणून पुढले सारे व्यवहार तोंडी झाले. कसणाऱ्याच्या हितासाठी जो कायदा आला, त्याच्याच भीतीने आजचा कसणारा कागदावरून पुसला गेला आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, कागद नसेल तर खोटी नावे घुसतील. अहो, पंचनामा या शब्दातच पंच आहेत! कोणाचे शेत कोण लावतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा, म्हणजे खोटे नाव तिथेच पडेल. दुसरा आक्षेप मालकाच्या भीतीचा. ती भीती खोटी नाही. म्हणूनच आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे पीक-लागवड कार्ड दिले. त्यावर कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मागता येते, मालकी हक्काला मात्र धक्का लागत नाही. त्यालाही मालकाची संमती लागते, ही त्याची उणीव. तरी मार्ग आहे, हे त्याने दाखविले. महाराष्ट्राने तो अधिक चांगला करून घ्यावा: मदत घेतली म्हणून कूळ लागणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे आणि पंचनाम्यात मालकाच्या नावाशेजारी कसणाऱ्याच्या नावाचा रकाना घालावा.

'चांगला मालक आपणहून पैसे देतोच की!' असेही कोणी म्हणतील. देतात, असे मालक आहेत. परंतु ज्याचे नुकसान झाले त्याने भरपाईसाठी दुसऱ्याच्या चांगुलपणाची वाट पाहावी, याला न्याय म्हणत नाहीत. त्याला भीक म्हणतात.

आणि वाचकहो, हा मालक कोणी दूरचा सावकार नव्हे. ठाणे-मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडात हा अंक वाचीत बसलेल्या कित्येकांचे नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे. पूरग्रस्तांसाठी जुन्या साड्या आणि चादरी आपण मोठ्या मायेने बांधून देतो. त्याआधी बँकेचे पुस्तक उघडून पाहावे. पीकनुकसानीची काही रक्कम तेथे जमा झाली असेल, तर ती ज्याने आवण लावले त्याच्या हाती दिवाळीपूर्वी पोहोचती करावी. सरकार कायदा करील तेव्हा करो. एवढ्यासाठी कोणाला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.