मार्कंड्याहून समुद्राकडे

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे प्रवासाची दिशा जवळपास ठरलेली असते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही ऐपत आणि रजा जुळली की तिकडेच वळतात. हजारभर किलोमीटरचा प्रवास करून मुले चौपाटीवर पोचतात, पाय भिजवतात, फोटो काढतात आणि परत येऊन निबंध लिहितात. त्या निबंधांत समुद्र बहुधा सारखाच असतो: लाटांची गाज, माडांच्या रांगा आणि पाण्यात बुडणारा तांबडा सूर्य. मुलांनी समुद्र खरोखरच पाहिलेला असतो. मग त्यांच्या लिहिण्यात तो मार्गदर्शकातल्यासारखा का उतरतो, हा प्रश्न साहित्याच्या शिक्षकांनी गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते.

याचे एक कारण आपल्या वाङ्मयाच्या भूगोलात आहे. मराठी साहित्यातला समुद्र हा प्रामुख्याने अरबी समुद्र आहे. तो पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य त्यात मावळतो. तो मुंबईला लागून आहे, म्हणून त्याच्यापलीकडे विलायत असते. परदेशाला 'साता समुद्रापलीकडे' म्हणण्याची आपली रीत आहे आणि गंगाधर गाडगीळांच्या प्रवासवर्णनाचे नावही तेच आहे. विद्यापीठ, छापखाने, प्रकाशनसंस्था आणि लेखकांचा मोठा वर्ग ज्या पट्ट्यात होता, त्या पट्ट्याचा समुद्र साऱ्या मराठीचा झाला. यात कोणाचा डाव नव्हता. पण झाडीपट्टीतल्या विद्यार्थ्याला समुद्राची भाषा समुद्राआधीच तयार मिळते आणि प्रत्यक्ष पाहताना तीच त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते, हेही तितकेच खरे.

आता मार्कंड्याकडून पाहू. चामोर्शी तालुक्यातले हे गाव वैनगंगेच्या काठी आहे. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी एकंदरीत दक्षिणेकडे वाहते. मार्कंड्याला मात्र ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि म्हणून ते तीर्थ ठरले. पुढे चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत जाते. मार्कंड्याच्या घाटावरचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. सरळ रेषेत मोजले तर इथून मुंबई सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे आणि विशाखापट्टणम साडेचारशेच्या आत. म्हणजे या मुलाचा जवळचा समुद्र पूर्वेचा आहे. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. मराठी निबंधातला सूर्यास्त त्या किनाऱ्यावर लिहिताच येणार नाही. डोळे उघडून पाहावे लागेल.

नाशिकची आणि पैठणची गोदावरी आपल्या साहित्यात दुथडी भरून वाहते. तिची सर्वांत मोठी उपनदी जी प्राणहिता, तिच्या काठाचे मराठीतले प्रवासवर्णन मात्र शोधावे लागते. आणि हा प्रवास केवळ रम्य नसेल. वर गोसीखुर्द आहे. खाली सिरोंच्यासमोर मेडीगड्डा आहे. २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्या पाण्याखाली जाणाऱ्या शेतजमिनींसाठी सिरोंचा भागातले शेतकरी वर्षानुवर्षे दाद मागत आले आहेत. नदीच्या वाटेने समुद्राला जाणाऱ्याला हे सारे ओलांडावे लागेल, आणि त्याच्या लेखनाला वजन येईल ते तिथेच.

कोणी म्हणेल, समुद्र पाहिल्याशिवाय समुद्र लिहिता येत नाही काय? कल्पनाशक्ती कशासाठी असते? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण मार्कंड्याच्या नावातच आहे. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला प्रलयाची हकीकत सांगतात: चराचर बुडाले आहे, ते एकटे त्या अफाट पाण्यात भटकत आहेत आणि वडाच्या फांदीवर त्यांना एक बालक दिसते. समुद्रापासून इतक्या दूरच्या या अरण्यात ज्याच्या नावाचे देऊळ उभे आहे, तो पुराणांतला सर्वांत मोठा समुद्र पाहिलेला माणूस आहे. पण त्या प्रलयाच्या चित्रातही वडाचे झाड आहे, लेकरू आहे. म्हणजे अपरिचित पाण्याला ओळखीच्या गोष्टींनीच आकार आला आहे. माझी तक्रार कल्पनेविरुद्ध नाही, उसनवारीविरुद्ध आहे. झाडीतल्या मुलाच्या गाठीला बोडी असते, मामा तलाव असतो, ढिवरांचे डोंगे आणि जाळी असतात, पुरात रस्ता तोडणारे नाले असतात. यांच्या मापाने त्याने समुद्र मोजला तर तो समुद्र मराठीत नवा असेल.

ही उसनवारी उलट दिशेनेही चालते. बाहेरचा प्रवासी मार्कंड्याला येतो आणि 'विदर्भाचे खजुराहो' म्हणून मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने या मंदिरसमूहाची नोंद घेतली, शिल्पांची वाखाणणी केली; त्यानंतरही या जागेची ओळख दुसऱ्या जागेच्या नावानेच करून दिली जाते. एकाला समुद्राची तयार भाषा मिळाली, दुसऱ्याला देवळाची. न पाहण्याची सोय दोघांनाही सारखीच.

शिवाय हिवाळा हा झाडीपट्टीत गाव सोडण्याचा काळ नव्हे. धान घरात आलेले असते, दिवाळीनंतर मंडया भरतात आणि वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक नागर वाचकांना तिचे अस्तित्व कळले. किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांनी याच सुट्टीत इकडे यावे आणि इकडच्यांनी तिकडे जावे, अशी अदलाबदल महाविद्यालयांना अशक्य नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून या दोन जिल्ह्यांसाठी आहे. पुढाकार इथूनही घेता येईल.

मराठीच्या शिक्षकांना मात्र त्याआधीच एक साधी गोष्ट करता येईल. सहल निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून पाण्याविषयीचे झाडीबोलीतले शब्द लिहून घ्यावेत आणि परतल्यावर त्यांतले कोणते शब्द समुद्रापाशी उपयोगी पडले, कोणते अपुरे पडले, हे विचारावे. जिथे शब्द अपुरा पडला, तिथून निबंध सुरू करायला सांगावा. सूर्यास्ताला गुण देऊ नयेत.