आधी प्रत, मग दुरुस्ती



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक वाक्य वारंवार आढळते : ‘संगणक बिघडला आहे आणि दुरुस्त करणारा म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल.’ या महिन्यात हेच वाक्य इचलकरंजीच्या एका भगिनींच्या पत्रात आले. त्यांच्या घरचा संगणक सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटे नीट चालतो आणि मग कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडतो. लगेच पुन्हा सुरू केला, तर त्या खेपेस दहा मिनिटेही टिकत नाही. त्यात सासऱ्यांनी ठेवलेले दुकानाचे हिशेब आहेत आणि मुलांची जन्मापासूनची छायाचित्रे आहेत. ‘फॉरमॅट मारू द्यावा की नाही, एवढेच कळवावे,’ असे त्यांनी लिहिले आहे.

उत्तर एका शब्दाचे आहे : नाही, निदान आज तरी नाही. परंतु का नाही आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगण्यापूर्वी माझ्याच हातून घडलेली एक चूक वाचकांपुढे ठेवतो.

माझ्या थोरल्या आत्याला जात्यावरच्या असंख्य ओव्या पाठ होत्या. २००९ च्या दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली असताना मी चार दुपारी तिला बोलते केले, लहानशा यंत्रावर तिचा आवाज मुद्रित केला आणि तो घरच्या संगणकात उतरवून ठेवला. पुढच्या वर्षी आत्या गेली. त्यानंतर काही महिन्यांनी संगणकातून ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला. आठवडाभर मी तिकडे दुर्लक्ष केले. संगणक अडला की बंद करून पुन्हा सुरू करीत असे. शेवटी तो सुरूच होईना, तेव्हा दुकानात दिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्याचा फोन आला, “साहेब, डिस्क गेलीय, नवी टाकतो. जुन्या डिस्कमधलं काही काढायचं आहे का?” मी कचेरीत होतो, घाईत होतो. “नाही, काही नाही,” असे म्हणून मी फोन ठेवला. ओव्यांची आठवण तीन दिवसांनी झाली. धावत दुकानात गेलो, तोवर जुनी डिस्क भंगारात गेली होती. त्या माणसाचा यात काही दोष नव्हता. त्याने विचारले होते. मी उत्तर दिले होते.

यंत्र नवे आणता येते. विंडोज पुन्हा घालता येते. आत साठवलेले मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून संगणकाच्या दुरुस्तीचा पहिला नियम असा : आधी प्रत काढावी, मग दुरुस्तीला हात घालावा.

आता भगिनींच्या संगणकाकडे वळू. ठरावीक वेळाने बंद पडणे, आणि लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडणे, हे बहुधा उष्णतेचे लक्षण असते. संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा आणि एक पंखा बसवलेला असतो. पात्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसला की हवा खेळत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. तापमान मर्यादेबाहेर गेले, की जळण्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी संगणक आपणहून बंद होतो. संगणक थंड होण्यापूर्वीच पुन्हा सुरू केला, तर ती मर्यादा लवकर गाठली जाते. इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात तर हवेत कापसाची कूसही असते. फॉरमॅटने डिस्कवरचे सारे जाईल, पण पंख्यातली धूळ जागच्या जागी राहील.

हे अनुमान दोन रीतींनी पडताळून पाहता येते. पहिली रीत अशी : संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसच्या पडद्यावर जावे (काही कंपन्यांच्या संगणकांत कळ वेगळी असते, ती सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेली दिसते) आणि संगणक तसाच राहू द्यावा. तेथे विंडोज सुरूच झालेली नसते. तरीही संगणक बंद पडला, तर दोष विंडोजचा नाही, यंत्राचा आहे. पुष्कळ संगणकांत याच पडद्यावर प्रोसेसरचे तापमानही दिसते. ते सतत चढत जाऊन बंद पडण्याच्या वेळी नव्वद अंशांच्या पुढे गेले, तर उष्णतेविषयी शंका उरत नाही. दुसरी रीत अगदी घरगुती आहे. संगणक बंद करून, वायर काढून, पेटीची एका बाजूची पत्र्याची भिंत उतरवावी, समोर टेबलपंखा लावावा आणि मग संगणक सुरू करावा. एरवीपेक्षा तो बराच अधिक काळ चालला, तर अनुमान बरोबर. पेटी उघडी असताना लहान मुलांना मात्र दूर ठेवावे.

याच दुसऱ्या रीतीचा उपयोग प्रत काढण्यासाठीही होतो. सकाळच्या थंड वेळी, पंख्याच्या वाऱ्यात, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आधी हिशेब उतरवावेत, मग छायाचित्रे. तीही वर्षावार, थोडी थोडी. मध्येच बंद पडला, तर तासभर थांबून पुढचे वर्ष घ्यावे. असे करणे जमत नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावयास सांगावे आणि समोर बसून प्रत काढून घ्यावी. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत डिस्क कूटबद्ध असते. ती दुसरीकडे वाचण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात पाहून वहीत उतरवून ठेवावी.

प्रत हाती आल्यावर सफाई. संगणक बंद करावा, वायर भिंतीतून काढावी आणि पेटी गच्चीत किंवा गॅलरीत न्यावी. आत मुंग्या, कोळी किंवा पालीची अंडी नाहीत ना, हे आधी पाहावे. असल्यास हलक्या हाताने सुरक्षित जागी सोडून मगच पुढे जावे. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. नंतर ब्लोअरचा झोत थोड्या अंतरावरून मारावा. झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे; भलत्या वेगाने फिरल्यास त्याची बेअरिंग खराब होते. ओले फडके आत नेऊ नये. एवढे करूनही तापमान उतरले नाही, तर प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधील लेप वाळलेला असण्याचा संभव आहे. तो लेप जाणकाराकडून नव्याने लावून घ्यावा. लॅपटॉपलाही हेच लागू आहे; शिवाय तो गादीवर किंवा दुलईवर ठेवून वापरू नये, कारण त्याची हवा घेण्याची जाळी बहुधा तळाशी असते.

इतर वाचकांच्या सोयीसाठी आणखी काही नेहमीची लक्षणे येथे नोंदवतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर आधी भिंतीतील सॉकेट, वायर आणि यूपीएस तपासावे. सॉकेटात टेबलदिवा लावून पाहिला, तरी अर्धे काम होते. घरगुती यूपीएसमधील बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि मग वीज जाताच संगणकही जातो. यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळावीत म्हणून असतो. लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नये.

पेटीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे. त्यावर पायाखाली गोणपाट घालणे हा उपाय नव्हे. इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

पंखे फिरतात, पण पडदा काळा राहतो आणि संगणक ‘बीप बीप’ करतो, अशा वेळी रॅमची पट्टी ढिली झाल्याची किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ बसल्याची शक्यता मोठी असते. वीज काढून पट्टी उतरवावी, कड मऊ खोडरबराने हळुवार पुसावी, भुकटी झटकावी आणि दोन्ही बाजूंची किंवा असेल ती एक चाप बसेपर्यंत पट्टी पुन्हा दाबावी. बीप किती वाजल्या याचा अर्थ प्रत्येक मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

संगणक रोज मागची तारीख दाखवीत असेल आणि त्याच वेळी बँकेची किंवा टपालाची पाने ‘असुरक्षित’ म्हणून अडत असतील, तर पुष्कळ जण व्हायरसच्या धास्तीने फॉरमॅट करून घेतात. खरा दोष मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या चपट्या सेलचा असतो. तो संपला की वीज बंद असताना घड्याळ मागे पडते, आणि तारीख चुकली की त्या पानांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. सेल बदलावा, तारीख नीट करावी. बहुधा एवढ्यानेच काम होते.

आणि ‘टक् टक्’. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांवर हवेच्या अतिशय पातळ थरावर वाचक डोके तरंगत असते. ते जागा शोधू शकले नाही, की पुन्हा पुन्हा मूळ जागी परतते. तोच हा आवाज. तो ऐकू येताच संगणक बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे किंवा डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा चालवणे टाळावे. त्या प्रत्येक प्रयत्नात उरलेले वाचण्याची संधी कमी होते. डिस्क काढून जाणकाराकडे न्यावी आणि ‘आधी माहिती’ एवढेच सांगावे.

फॉरमॅट हा उपाय सर्वस्वी वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब झाल्या असतील किंवा घातक प्रोग्राम खोलवर रुजला असेल, तर तोच शहाणपणाचा मार्ग असतो. मात्र तो शेवटी यावा. त्याआधी एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. तारीख, पडद्यावरचा नेमका मजकूर, काय बदलले, काय झाले, अशा चार रकान्यांची साधी वही संगणकाशेजारी असावी. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती ती दिली, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसे.

आता मूळ प्रश्न : प्रती किती असाव्यात? व्यापारी घरांना हे नवीन नाही. जुन्या पेढ्यांवर दिवसाचा व्यवहार रोजमेळात लिहीत आणि तीच रक्कम पुन्हा खतावणीत त्या त्या खात्याला चढवीत. एकीत चूक झाली, तर दुसरी ती दाखवी. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने संगणकासाठी असाच एक सुटसुटीत नियम रूढ केला : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. म्हणजे एक संगणकात. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी काम होताच काढून कपाटात ठेवावी, कारण जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीतही संगणकाबरोबरच सापडते. तिसरी इंटरनेटवरील साठ्यात, किंवा दुसऱ्या गावच्या बहिणीच्या, भावाच्या घरी. एक सावधगिरी बाळगावी : संगणकाशी आपोआप जुळवून घेणाऱ्या साठ्यात येथे पुसलेले तेथेही पुसले जाते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

यासाठी तिथी शोधण्याचीही गरज नाही. ३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडे त्याच दिवशी हिशेबाचे वर्ष संपते. हिशेब दर महिन्याला उतरवावेत, बाकी सारे त्या दिवशी. आणि उतरवलेल्यातील दहा-वीस फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

इचलकरंजीच्या भगिनींनी या क्रमाने जावे : आज पंख्यासमोर प्रत, रविवारी सफाई, त्यानंतर आठवडाभर निरीक्षण. त्यानंतरही संगणक बंद पडत असेल, तर वही घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. तो पॉवर सप्लाय तपासून पाहील. तोवर हिशेब आणि छायाचित्रे आपल्या कपाटात असतील.

राहिली आत्याची गोष्ट. तिच्या मुद्रणाचा एक तुकडा मी त्याच दिवाळीत सीडीवर घालून बेळगावच्या धाकट्या बहिणीला दिला होता, हे मी विसरूनही गेलो होतो. तिने तो जपला होता. अकरा मिनिटे आहेत. मध्येच आत्या थांबते, पाणी मागते आणि विचारते, “हे सगळं राहतं का रे त्याच्यात?” मी “हो” म्हणालेला ऐकू येतो.

त्या अकरा मिनिटांच्या आज आमच्या कुटुंबात पाच प्रती आहेत.