गवताला पाहुणे चालतात, पोरं का चालत नाहीत?

नाशिकमधल्या बऱ्याच कॉलेजांच्या गेटातून आत शिरलं की आधी लायब्ररी दिसत नाही. दिसते ती कापलेली हिरवळ, कडेला रंगवलेल्या विटा, साखळी आणि पाटी : ‘हिरवळीवर बसू नये.’ काही ठिकाणी खाली दंडाचा इशाराही.

प्रशासनाची बाजू खोटी नाही, हे आधीच सांगतो. मे महिन्यात ते गवत जगवायला माळीकाका रोज पाइप ओढत फिरतात. वाढदिवसाचा केक, तो फवारायचा फेस, वेफर्सची पाकिटं, सगळं तिथेच टाकून जाणारी पोरं आहेत आणि त्यांना कुणीतरी झापायलाच हवं. पावसाळ्यात आपली काळी माती ओली असताना तिच्यावर दोनशे पाय नाचले की ती दबते, मुळांना हवा मिळत नाही, गवत जातं. जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा की बंद. कुणाची ना नाही.

पण हीच काळजी गॅदरिंगला कुठे जाते हो? त्याच हिरवळीवर मंडप पडतो, स्टेज, सोफे, लाल गालिचा. तीन दिवस ऊन न मिळालेलं गवत पिवळं पडतं. तेव्हा साखळी सोडलेली असते, कारण साहेब येणार असतात. नॅकची समिती यायची तेव्हा तर विचारूच नका, एकेक पातं विंचरून ठेवायचे. म्हणजे गवत पाहुण्यांनी तुडवायला आणि समितीने बघायला. फी भरणाऱ्याने लांबून जायचं.

आणि गवताचं आपल्याला, नाशिककरांना, कुणी सांगू नये. आपल्याकडे ‘लॉन्स’ म्हटलं की लग्न! गंगापूर रोडला तिथीच्या दिवशी हजार-हजार माणसं त्या हिरवळीवर उभी असतात, हिल्स घातलेल्या करवल्यांसकट. दुसऱ्या दिवशी पाणी मारतात, थोडी विश्रांती देतात, पुढचं लग्न लावतात. लॉनवाल्याला जमतं ते संस्थेला का जमू नये? साधी हरळी जमिनीलगत पसरते, तुडवली तरी पुन्हा फुटते. मैदानाचे चार तुकडे करा, दर महिन्याला एक मोकळा ठेवा. आणि जिथे पोरांनी चालून चालून पायवाट पाडलीय, तिथे साखळी लावण्याऐवजी फरशा बसवा. रस्ता कुठे हवा होता, ते त्यांनी तुम्हाला फुकटात सांगितलंय.

फटका कुणाला बसतो, तेही बघा. गाडी आणि पॉकेटमनी असलेली मुलं कॉलेज रोडच्या कॅफेत बसतात. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडून सकाळच्या एसटीने आलेली मुलगी साडेअकराला लेक्चर संपल्यावर तीनच्या प्रॅक्टिकलपर्यंत कुठे बसेल? वर्ग बंद, कॅंटीनमध्ये काही घेतल्याशिवाय बसू देत नाहीत, हिरवळीवर पाटी. डबा तिने जिन्यात खायचा का?

खरं कारण खासगीत ऐकायला मिळतं : ‘मुलं-मुली एकत्र बसतात.’ मग पाटीवर तसं लिहा ना. गवताला कशाला पुढे करता?

ही युक्ती नवी नाही. १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैतांचे शेतकरी दिल्लीत बोट क्लबच्या हिरवळीवर गुरंढोरं घेऊन बसले, चुली मांडल्या. पुढे १९९३ पासून तिथे सभा-आंदोलनंच बंद झाली. २०२३ मध्ये जेएनयूने शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं धरलं तर २० हजारांपर्यंत दंडाचा नियम आणला. कधी हिरवळ, कधी इमारत, कधी शांतता. कारण बदलतं, उठवायचं मात्र बसलेल्यांनाच.

आपल्याकडे तर विचारायचं कुणी, हाच प्रश्न आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर कॉलेजमधल्या थेट निवडणुका बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, पण कागदावर. २०१९ मध्ये होणार होत्या, विधानसभेचं कारण देऊन पुढे ढकलल्या, मग कोरोना आला. अठरा वर्षांचा पोरगा आमदार निवडतो आणि कॉलेजात कुठे बसायचं हे ठरवायला त्याचा निवडून दिलेला एक माणूस नाही! असता, तर माळीकाका, प्राचार्य आणि पोरं एका टेबलाला बसून अर्ध्या तासात वेळापत्रक लावून मोकळी झाली असती. कचऱ्याची जबाबदारीही पोरांच्याच गळ्यात घालता आली असती.

आपापल्या कॉलेजातल्या पाटीचा फोटो कमेंटमध्ये टाका. मुलांचे चेहरे येऊ देऊ नका, उगाच त्यांना ऑफिसात बोलावतील. कुणा प्राचार्यांचं उत्तर आलं तर तेही जसंच्या तसं इथेच टाकतो.