आई वॉर्डात असते, तिला उपचारातही घ्या

पावसाळा आला की मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनच्या पट्ट्यात घरांच्या भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि सर्दी-खोकल्याबरोबर लहान मुलांच्या छातीतली घरघर वाढते. दम्याचे मूल धाप लागून रुग्णालयात भरती होते. ऑक्सिजन आणि वाफ दिली जाते. काही दिवसांत मूल खेळू लागते, घरी जाते; आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच वॉर्डात येते. याचे एक मोठे कारण असे की आई वॉर्डात असते, पण उपचारात नसते.

आपल्याकडे आईला मुलाजवळ राहू देतात, हे खरे. पण तिच्याकडे काम काय? केसपेपर काढणे, रिपोर्ट आणणे आणि डॉक्टरांचा राऊंड आला की बाहेर थांबणे. मशीनमधून कसली वाफ देतात, पंप दोन का दिले, हे तिला क्वचितच समजावले जाते. घरी जाताना हातात फक्त कागद पडतो.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, आवळतात आणि चिकट कफाने भरतात. एक पंप आवळलेली नळी लगेच मोकळी करतो. दुसरा आतली सूज कमी ठेवतो. तो धाप नसतानाही डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायचा असतो. हा फरक समजला नाही की मूल बरे दिसताच दुसरा पंप बंद होतो. वर 'पंपाची सवय लागते' ही भीती असतेच. म्हणून कागदापेक्षा समजावणे मोलाचे.

वॉर्डातही आईची गरज आहे. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध कमी पोहोचते. अनोळखी हातांनी मास्क दाबला की तीन वर्षांचे मूल रडणारच. तेच मूल आईच्या मांडीवर ताठ बसले की वाफ शांतपणे घेते. मूल नेहमीपेक्षा गप्प आहे, दूध घेत नाही, हे आईला आधी कळते. तिचे म्हणणे सिस्टरने ऐकून घेतले पाहिजे.

ही काही नवी कल्पना नाही. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीने, रुग्णालयातल्या मुलांना आईवडिलांपासून तोडू नका, असे सुचवले. आपल्या देशात दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने नवजात बाळांच्या कक्षात आईवडिलांना शिकवून देखभालीत सामील करून घेतले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये त्यासाठी देशभराकरिता मार्गदर्शक सूचना काढल्या. इतक्या नाजूक बाळाची देखभाल आई शिकू शकते, तर पंप आणि स्पेसर का नाही शिकणार? हीच पद्धत मुलांच्या वॉर्डात आली पाहिजे.

सिस्टर कमी, खाटा जास्त, शिकवायला वेळ कुठला, असे उत्तर मिळेल. त्यात तथ्य आहे. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत, आणि सिस्टरचे काम आईच्या गळ्यात घालणे हा त्यावर उपाय नव्हे. पण पंधरा मिनिटे शिकवलेली आई घरी गेल्यावर पुढचा झटका टाळू शकते.

मुलाजवळ थांबणाऱ्या आईचा रोजही बुडतो. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार बराचसा सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. आजारी लेकराजवळ बसणाऱ्या मजूर आईच्या रोजाचा विचारही त्याच न्यायाने व्हायला हवा. तोपर्यंत वडील, आजी, मावशी यांनी पाळी वाटून घ्यावी. शिकायचे मात्र सर्वांनी.

सुट्टी मिळण्यापूर्वी चार गोष्टी मागून घ्या. कोणता पंप कधी, हे मराठीत लिहून घ्या. स्पेसर सिस्टरसमोर स्वतः वापरून दाखवा : पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, एका वेळी एकच दाब, मग पाच-सहा श्वास. तपासणीला परत कधी यायचे, ते विचारा. आणि धोक्याची लक्षणे समजून घ्या : बरगड्यांखाली खळगे पडणे, बोलता वा पिता न येणे, ओठ निळे पडणे, मूल सुस्तावणे. अशा वेळी सांगितलेला पंप द्यायला लागा आणि लगेच १०८ ला फोन करा. श्रीवर्धनहून अलिबाग गाठायला काही तास जातात; आधी जवळचे रुग्णालय गाठा.

घरात विडी, चुलीचा धूर आणि मच्छर कॉइल मुलापासून दूर ठेवा. वंदनेला अगरबत्तीऐवजी फुले वाहिली तरी चालते. सिस्टरनेही हे विचारताना आईला दोष देऊ नये. ओलीची भिंत तिने बांधलेली नसते.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. तो मागताना संकोच नको. यंदा वर्षावासात ग्रंथवाचनानंतर एका संध्याकाळी आशाताईंना किंवा सिस्टरना विहारात बोलवा आणि स्पेसर सगळ्यांना हाताळू द्या. महिला मंडळाने एवढे मनावर घ्यावे.