तणाची परीक्षा कोणी घ्यावयाची?

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ साली पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम एका गवतासाठी मंजूर केली. ‘पोआ अ‍ॅन्युआ’ हे त्या गवताचे नाव. गोल्फच्या मैदानांत आणि हिरवळींत उगवणारे हे क्षुद्र तण वारंवार फवारलेल्या तणनाशकांना दाद देईनासे झाले होते. तेव्हा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठांनी त्याच्या प्रतिकारशक्तीच्या चाचण्या हाती घेतल्या. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या तणालाही शास्त्रज्ञ भेटतो. प्रश्न आहे तो नेवासे, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाच्या सरीत वाढणाऱ्या तणाचा.

नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) कालव्याखालील बागायतीत खुरप्याची जागा झपाट्याने पाठीवरच्या पंपाने घेतली आहे. उसात अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन व २,४-डी, सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर, बांधावर ग्लायफोसेट ही नावे आता शेतमजुरालाही तोंडपाठ आहेत. मजूर मिळत नाहीत, असे बागायतदार सांगतो. खुरपणीला येणाऱ्या बाईचा रोज वाचतो, हे तो सांगत नाही. तथापि दिवसभर ओणवे राहून कंबर मोडणारे ते काम जसेच्या तसे टिकावे, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. आक्षेप औषधाला नाही. ते ज्या आंधळेपणाने वापरले जाते त्याला आहे.

एकाच प्रकारचे औषध वर्षानुवर्षे मारले की बहुसंख्य तण मरते; परंतु जन्मतःच त्या औषधाला न जुमानणारी एखाद-दुसरी रोपे वाचतात आणि बी धरतात. पुढील हंगामात त्यांचीच प्रजा रान व्यापते. हरियाणा-पंजाबच्या गव्हात हेच घडले. ‘गुल्ली डंडा’ या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध सातत्याने वापरले गेले आणि १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हिसारच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांना तणाचा प्रतिकार सिद्ध झालेला आढळला. काही शेतकऱ्यांवर उभा गहू हिरवाच कापून जनावरांना घालण्याची पाळी आली. त्यानंतर आणलेल्या नव्या, महागड्या औषधांपैकी काहींनाही ते तण पुढे सरावले. नाचणीच्या कुळातले ‘इल्युसिन इंडिका’ हे रानगवत आपल्या बांधावर असते तसेच हिरवळीतही असते. मलेशियात १९९७ साली त्याने ग्लायफोसेटलाही नमविले.

नगर जिल्ह्यात असे झाले आहे काय? याचे उत्तर तर्काने मिळणार नाही, ते कुंडीतच मिळेल. फवारणीतून वाचलेल्या तणाचे पिकलेले बी गोळा करावयाचे, जेथे कधी फवारा पडला नाही अशा ठिकाणचे त्याच तणाचे बी शेजारी पेरावयाचे आणि दोहोंवर शिफारशीच्या निम्मी, पूर्ण, दुप्पट, चौपट अशी मात्रा मारून तीन आठवड्यांनी जगलेली रोपे मोजावयाची व त्यांचे वजन करावयाचे. बी ज्याचे त्याने आणले तर उरतो तो खर्च कुंड्यांचा, मातीचा आणि एका जाणकार माणसाच्या पगाराचा.

ही साधी परीक्षा होत नाही म्हणून शेतकरी चोहोबाजूंनी नागवला जातो. तण मेले नाही याची कारणे अनेक असू शकतात: औषध भेसळीचे असेल, जमिनीत ओल नसेल, फवारणीला उशीर झाला असेल, किंवा तणच पक्के झाले असेल. दुकानदाराकडे या सर्वांवर एकच उतारा असतो, मात्रा वाढवा. भेसळ असेल तर दोषी सुटतो. प्रतिकार असेल तर वाढीव मात्रेने तो अधिकच बळावतो. आणि अ‍ॅट्राझिनसारख्या औषधाचा अंश जमिनीत राहून पुढच्या नाजूक पिकाला जाळतो. औषधाचा नमुना तपासण्यास सरकारी प्रयोगशाळा आहेत. तणाचा नमुना कोठे द्यावा, हे मात्र शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत, तणाचे औषधाला बळी पडणे ही गावाची सामाईक मालमत्ता आहे. एकाने ती उधळली तर वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने आणि शेणखताने पसरणारे बी शेजाऱ्याचे रान बुडविते. अशा मालमत्तेची राखण बाजार करीत नाही. जुने औषध निकामी झाले की नवे विकता येते, त्यामुळे कंपनीला ही परीक्षा घेण्याची निकड नाही. नव्या औषधाचा भार दहा एकरवाला सोसेल. दीड एकरवाल्याने पंप ठेवून पुन्हा खुरपे धरावयाचे ठरविले, तरी तोवर खुरपणीची माणसे साखरपट्टा सोडून गेलेली असतील.

राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. त्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. नंतर जिल्हाभर तसे कारखाने झाले. अनेक कारखाने सभासदांची माती तपासून देतात. त्याच ठिकाणी तणाच्या कुंड्या ठेवण्यास कोणती अडचण आहे? खर्च कारखान्याने उचलावा, पद्धत विद्यापीठाने शिकवावी, निष्कर्ष गावाच्या फलकावर मराठीत लागावेत आणि कोणते औषध पालटावे, कोठे एक खुरपणी रोजगार हमीच्या धर्तीवर रास्त मजुरीने करून घ्यावी, याचा निर्णय ग्रामसभेत व्हावा. कारखान्यांच्या वार्षिक सभांत ऊसदराखेरीज दुसरा विषय क्वचितच निघतो. पक्षाच्या सभासद-कार्यकर्त्यांनी येत्या सभेत हा ठराव लेखी मांडावा. पावसाळा सरता सरता तणाचे बी पिकते, तेव्हा ते गोळा करण्याची तयारी त्यापूर्वीच झाली पाहिजे.