ट्रेलर काढा, पण नायकाचा चेहरा दाखवू नका

मुलांच्या कादंबरीचा ट्रेलर, म्हणजे तिची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत, काढणं हा साहित्याचा बाजार मांडणं आहे, असं म्हणणारे काही ज्येष्ठ लेखक मला भेटतात. त्यांची कळकळ मला कळते, पण मी त्यांच्या बाजूची नाही. सिन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी वाचनाचा तास घेते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकं आणि कॅलेंडर सोडलं तर छापील कागद नसतो. पुण्यात एखाद्या किशोर कादंबरीचं प्रकाशन झालं, पेपरात तिचं चांगलं परीक्षण आलं, तरी आमच्या सहावीच्या वर्गाला त्याचा पत्ता लागत नाही. परीक्षण मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेलं असतं. उलट वडिलांचा मोबाइल मुलांच्या हातात रोज असतो आणि वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्हीही आहे. पुस्तकाची बातमी मुलांपर्यंत थेट पोहोचवायला याहून जवळचा रस्ता मला दिसत नाही.

माझी तक्रार आहे ती हे ट्रेलर ज्या पद्धतीने काढले जातात त्याबद्दल. ढणढणणारं संगीत, अंधारातून उजळत येणारी अक्षरं, भारदस्त आवाजातलं निवेदन आणि घाबरलेला चेहरा करून पळणारा एखादा बालकलाकार. असा ट्रेलर वर्गात लावला की मुलं डोळे विस्फारून बघतात आणि संपल्यावर विचारतात, "बाई, हा पिक्चर कधी लागणार?" पुस्तक आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरतात. दोष मुलांचा नाही. ट्रेलरने कबूल केला सिनेमा आणि आपण हातात ठेवलं पुस्तक.

म्हणूनच नायकाचा चेहरा दाखवू नये, असं मी आग्रहाने सांगते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ते तोंडाने 'ट्टॉक' करणं. ज्यांनी तो आधी पुस्तकात वाचला, त्या प्रत्येकाचा फेणे वेगळा आहे. माझा फेणे आमच्या गल्लीतल्या एका काटकुळ्या मुलासारखा दिसायचा. पुढे दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांनी फेणे रंगवला, 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ यांनी. दोघांनीही जीव ओतून काम केलं आणि त्यांच्यामुळे अनेकांना मूळ पुस्तकं आठवली, हे मी आनंदाने मान्य करते. पण पडद्याला चेहरा द्यावाच लागतो. पुस्तकावर तशी सक्ती नाही. चेहरा वाचणाऱ्या मुलाने घडवायचा असतो, आणि दीड मिनिटाचा ट्रेलर तेवढंच काम त्याच्या हातून काढून घेत असेल तर त्याने पुस्तकाचं नुकसानच केलं.

हे काम वाचकाकडेच ठेवणारा ट्रेलर जमवता येतो. अमेरिकेतले रॅन्सम रिग्ज यांची 'मिस पेरेग्रीन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन' ही कादंबरी 2011 मध्ये आली. रिग्ज चित्रपटाचं शिक्षण घेतलेले, त्यामुळे तिचा ट्रेलर त्यांनी स्वतःच केला. पुस्तकात जुने, विचित्र वाटणारे खरेखुरे फोटो आहेत, ओसाड घर आहे. ट्रेलरचा भर याच गोष्टींवर आहे. ही मुलं कोण आणि त्या घरात काय घडलं, हे प्रश्न मनात राहतात आणि त्यांची उत्तरं पुस्तकातच मिळतात. टिम बर्टन यांचा चित्रपट नंतर, 2016 मध्ये आला. तोवर वाचकांनी आपापली मुलं मनात रंगवून घेतली होती.

आमच्या वर्गाने केलेला प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. सहावीच्या मुलांना मी फास्टर फेणेच्या एका पुस्तकाचा ट्रेलर करायला सांगितलं. अट एकच होती : कुणाचंही तोंड दिसता कामा नये. पहिल्यांदा मुलं हिरमुसली, कारण प्रत्येकाला फेणे व्हायचं होतं. मग भांडणं सुरू झाली, आणि ती ऐकत बसावं अशी होती. गोष्ट नेमकी कुठे तोडायची? एक गट म्हणे, संकट येतं तिथे. एक मुलगी अडून बसली की त्याच्या आधीच तोडायची, कारण संकट सांगून टाकलं तर वाचायला उरणार काय? आपलं म्हणणं खरं करायला तिने ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि तिला खोडून काढायला बाकीच्यांनीही वाचलं. शेवटी मोबाइलवर सायकलच्या साखळीचा आवाज घेतला, कुत्र्याचं भुंकणं घेतलं, फिरणाऱ्या चाकाचं जवळून चित्रण केलं आणि सगळ्यात शेवटी काळ्या पडद्यावर एक 'ट्टॉक'. सातवीच्या वर्गाला तो दाखवल्यावर मधल्या सुट्टीत त्या पुस्तकासाठी माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली.

गर्दी झाली कारण पुस्तक कपाटात होतं. या विषयात मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथेच. ट्रेलर क्षणात गावोगाव पोहोचतो, पुस्तक पोहोचत नाही. आमच्या जवळपासच्या दुकानात गाइड मिळतात, वह्या मिळतात, नवी किशोर कादंबरी मिळत नाही. मागवायची तर किमतीवर टपालखर्च चढतो, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडे तो कुठल्या तोंडाने मागायचा? एखाद्या मुलाच्या मनात वाचण्याची इच्छा जागवून ती तशीच सोडून देणं मला बरं वाटत नाही.

ती पुस्तकापर्यंत नेण्याचं एक उदाहरण आहे. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेचा 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम आहे. नाटकातली तरुण मंडळी आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात आणि त्याला जोडून वाचनाचंही काम होतं. खेळ बघणारी मुलं आणि पुस्तक यांच्यामध्ये अंतर पडू नये, हा विचार त्यात आहे. ट्रेलर काढणाऱ्यांनी नेमका हाच विचार उचलायला हवा.

माझं प्रकाशकांना सांगणं असं आहे. ट्रेलरला महागडं ग्राफिक्स लागत नाही. लेखकाने स्वतःच्या आवाजात पहिलं पान वाचावं, चित्रकाराची दोन-तीन चित्रं असावीत, आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबावं. यातून वाचलेल्या पैशांत जितक्या प्रती बसतील तितक्या तालुक्यांतल्या केंद्रशाळांना आधी पाठवा आणि ट्रेलर त्यानंतरच शिक्षकांच्या गटांवर टाका. 'किशोर' मासिक 1971 पासून मुलांसाठी निघतं. त्यात एखादं प्रकरण छापून आलं, तर ज्यांना प्रत मिळाली नाही त्यांच्याही हाती काहीतरी लागेल. पुस्तक शाळेत आल्यावर कपाटाला कुलूप न लावणं ही जबाबदारी आम्हा शिक्षकांची. मुलांनी हाताळून पुस्तक फाटलं तर त्याचा जाब मुख्याध्यापकांना विचारला जाऊ नये, एवढा लेखी आदेश शिक्षण विभागाने काढावा. तो येत्या वाचन प्रेरणा दिनाच्या, 15 ऑक्टोबरच्या आत निघायला हवा.