खोक्यावरचा कागद आणि पोटातली आग

दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर २८ जानेवारी २०२५ रोजी एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. सर्व १७६ जण सुखरूप बाहेर पडले. एका पॉवर बँकेतून ही आग लागली असावी, असा तपास यंत्रणेचा प्राथमिक निष्कर्ष होता. त्यानंतर पॉवर बँकेवर निर्बंध घालण्याची विमान कंपन्यांत जणू चढाओढ लागली. ते योग्यच आहे. परंतु प्रवासी कक्षात पेटलेली वस्तू निदान दिसते, तिच्यावर पाणी ओतता येते. विमानाच्या पोटातील मालकक्षात काय भरले आहे, हे केवळ कागदावरूनच कळते.

हा कागद खोटा निघाल्याची किंमत अमेरिकेने ११ मे १९९६ रोजी मोजली. मायामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळून ११० जण मृत्युमुखी पडले. देखभाल कंत्राटदाराने दुसऱ्या विमानांतून काढलेली, प्राणवायू तयार करणारी रासायनिक नळकांडी त्यात चढवली होती. ती अपघाताने सुरू होऊ नयेत म्हणून बसवायच्या टोप्या बसवल्याच नव्हत्या. कागदावर मात्र 'रिकामी' अशी नोंद होती. बंदिस्त मालकक्षात हवेअभावी आग आपोआप विझेल, हा त्या काळचा हिशेब होता. येथे तर आगीला प्राणवायू मालच पुरवीत होता!

दुबईजवळ ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचे मालवाहू बोइंग ७४७ कोसळले. त्यात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यांतील काही खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करणे आवश्यक असूनही तसे केलेले नव्हते. धुरामुळे वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली. दोघेही ठार झाले. लिथियमच्या आगीचे वैशिष्ट्य असे, की एक सेल तापला की शेजारचा पेट घेतो. विमानातील हॅलॉन वायू ज्वाला दाबतो, पण सेल थंड करू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी केली. मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज नसाव्यात, असेही ठरले. परंतु अत्तर, नेलपॉलिश, लायटर, बॅटरी या वस्तू 'भेटवस्तू' किंवा 'सुटे भाग' म्हणून कुरियरच्या खिडकीवर सरकवणाऱ्याला हे नियम ठाऊक असतातच असे नाही; काहींना ते ठाऊक असूनही जादा आकार चुकवायचा असतो. भारताने २००३ मध्ये केलेल्या नियमांनीही वर्गीकरण, वेष्टन आणि घोषणेची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच टाकली. क्ष-किरण यंत्राला बॅटरी दिसते, तिच्यातला चार्ज दिसत नाही.

१ जानेवारी २०२६ पासून उपकरणासोबत त्याच खोक्यात स्वतंत्र ठेवलेल्या बॅटऱ्यांनाही ३० टक्क्यांची मर्यादा लागू झाली आहे. ती पाळली गेली की नाही, हे पुन्हा पाठवणाराच लिहून देणार आहे.